सासऱ्यांची 1968 ची पिकप विकायचीय, आधी रंग मारून घेऊ का?

पत्र: माझे सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची महिंद्राची एफसी-150 पिकप आमच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. आरसी बुकात साल 1968 आहे, इंजिन पेट्रोलचं, त्यांनी ते शेवटपर्यंत बदललं नाही. रंग तोच जुना हिरवा, दारावर पेंटरकडून हाताने लिहून घेतलेलं त्यांचं नाव आणि गाव. आमची द्राक्षं याच गाडीतनं जायची. मिस्टर पुण्याला नोकरीला, इथे मी आणि सासूबाई. एक एजंट सव्वा लाख देतो म्हणतो, टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचा फॉर्म) मिस्टरांची सही घेऊन ठेवा म्हणाला, बाकी मी बघतो. पुतण्या म्हणतो काकू नवीन रंग मारू, मोठे टायर टाकू, अलॉय टाकू, मग सहा-सात लाख कुठे जात नाहीत. सासूबाई काहीच बोलत नाहीत, पण गाडीचा विषय निघाला की उठून आत जातात. काय करू? (तासगाव तालुक्यातून एक वाचक)

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि पहिली गोष्ट हीच सांगतो, पुतण्याला म्हणावं थांब. ब्रश, स्प्रे गन, पॉलिश पेपर, काहीही त्या गाडीला लागू देऊ नका, अगदी चकचकीत दिसावी म्हणून रबिंग पण नको. त्याचा हेतू चांगला आहे, काकूंना चार पैसे जास्त मिळावेत असंच त्याला वाटतंय, पण या प्रकारच्या गाडीत पैसे नेमके त्याच रंगात आहेत जो त्याला खरवडून काढायचाय.

हे मी अनुभवाने सांगतोय. आमच्याकडे वडिलांची सीजे-थ्री-बी जीप होती, विकायची ठरली तेव्हा घरात सगळ्यांचं मत पडलं की गिऱ्हाईक येण्याआधी जरा नीट दिसू दे, म्हणून मी ती गॅरेजला दिली, डेंटिंग झालं, लांबी म्हणजे पुट्टी भरली, वर लाल चकचकीत रंग. नाशिकहून एक गृहस्थ आले बघायला, वयस्कर, त्यांनी मडगार्डवरून हात फिरवला, दाराच्या आतली कड नखाने हलकेच खरवडून खाली जुना रंग दिसतो का बघितलं आणि मला म्हणाले, अहो आधी फोन केला असता तर. ते गेले. नंतर जी किंमत आली ती त्यांनी फोनवर बोललेल्या आकड्यापेक्षा खूप खाली होती आणि रंगाचा खर्च वेगळाच. पैशाचं एक वेळ सोडा, वडिलांनी मागच्या फळीवर खडूने लिहून मग रंगाने पक्का केलेला आमचा जुना पत्ता त्या लांबीखाली गेला, तो परत आणता येत नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण असं आहे की नवा रंग कधीही देता येतो, उद्या घेणारासुद्धा देऊ शकतो, पण मूळ रंग एकदाच असतो. जुन्या गाड्यांची जाण असलेला माणूस रंगाकडे बघून गाडी ओळखतो. मूळ रंग असला की खाली पत्रा खरा आहे, कुठे कापून जोडलेलं नाही, गंज असेल तर तो समोर दिसतोय, हे त्याला लगेच कळतं. ताज्या रंगाखाली काय लपवलंय हा संशय येतो आणि संशय आला की माणूस भाव पाडतो नाहीतर सरळ निघून जातो. आणि दारावरचं ते नाव, ते तर अजिबात पुसू नका. ही गाडी एकाच घरात, एकाच मालकाकडे, एकाच कामाला राहिली हे त्या चार शब्दांत लिहिलेलंय, असा पुरावा पैसे देऊन तयार करता येत नाही.

तुमच्याकडे नक्की काय उभं आहे ते पण सांगतो, कारण एजंट ते सांगणार नाही. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल, ड्रायव्हर इंजिनच्या मागे बसायच्या ऐवजी त्याच्यावरच बसतो, म्हणून पुढे नाक नाही आणि तेवढ्याच लांबीत हौदा मोठा मिळतो. अमेरिकेत विलीज कंपनीने एफसी-150 आणली 1956 च्या शेवटी, ब्रुक्स स्टीव्हन्स नावाच्या डिझायनरचं काम, खाली सीजे-5 जीपचा 81 इंची व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद. तिकडे साधारण साठच्या दशकाच्या मध्यावर ती बंद झाली आणि आपल्याकडे महिंद्राने 1965 पासून लायसन्सवर बनवायला घेतली. इंजिन हरिकेन, चार सिलिंडर, 2.2 लिटर पेट्रोल, त्याला एफ-हेड म्हणतात कारण इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचे खाली ब्लॉकमध्ये. आता विचार करा, गावोगावच्या पेट्रोल जीपांमध्ये पुढे डिझेल स्वस्त पडतं म्हणून डिझेल इंजिनं बसवली गेली, कुठे ट्रॅक्टरचं, कुठे मॅटॅडोरचं, त्यामुळे स्वतःच्या मूळ इंजिनसकट उभी असलेली पिकप सहज बघायला मिळत नाही. सासऱ्यांनी पेट्रोलचा खर्च सोसून ते इंजिन ठेवलं, त्याची किंमत आता तुमच्या हातात आहे.

ते मूळ इंजिन आहे हे दाखवता मात्र आलं पाहिजे. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंप जिथे बसतो तिथल्या उंचवट्यावर नंबर ठोकलेला असतो, घासलेटात भिजवलेल्या फडक्याने तेवढाच भाग पुसा, वायर ब्रश वापरू नका, आणि तो आरसी बुकातल्या इंजिन नंबराशी जुळतो का बघा. चेसिस नंबरही तसाच. दोन्ही जुळले तर दोन्हीचे आणि बुकाच्या त्या पानाचे फोटो काढून ठेवा, जाहिरातीतल्या इतर वीस फोटोंपेक्षा हे तीन जास्त काम करतील. (पूर्ण नंबर मात्र इंटरनेटवर टाकू नका, जो खरंच बघायला येईल त्याला दाखवा.)

आता कागद. इथे मला तुमची खरी काळजी वाटली. एजंट म्हणतो टीटी फॉर्मवर मिस्टरांची सही घ्या. ताई, गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे आणि ते हयात नाहीत, मग फॉर्म 29 आणि 30 वर विकणारा म्हणून मिस्टर कोणत्या नात्याने सही करणार? एक तर तो फॉर्म आरटीओत चालणार नाही, नाहीतर कोणीतरी पुढे त्यावर सासऱ्यांच्या सहीची नक्कल करणार, आणि ते प्रकरण उघडलं तर पोलीस तुमच्या दारात येतील, एजंटच्या नाही. कोऱ्या टीटी फॉर्मवर सही तर कुणालाच, कधीच देऊ नका, भले तो घरचा माणूस असो. कोऱ्या सहीवर गाडी तीन हात फिरते आणि कागदावर मालक तुमचंच घर राहतं. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव आहे तोच मालक धरायचा, गाडी मी केव्हाच विकली होती हे सांगून सुटका होत नाही.

सरळ रस्ता असा की आधी गाडी वारसाच्या नावावर घ्या. त्यासाठी फॉर्म 31 आहे, सोबत मृत्यू दाखला, आरसी, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि ज्यांच्या नावावर होणार नाही त्यांची संमती. नियमाने मालक गेल्यापासून 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, तुमची दोन वर्षं गेलीत म्हणजे उशिराचा दंड भरावा लागेल, पण काम होतं, घाबरू नका. तुमची गाडी सांगली आरटीओकडे, म्हणजे एमएच-10. तिथे पहिला प्रश्न हा विचारा की गाडीची नोंद ऑनलाइन आहे का, कारण 1968 ची बुकातली नोंद बऱ्याचदा कॉम्प्युटरवर चढलेलीच नसते, मग तिची बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते आणि ती झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. मूळ बुक हातातनं सोडू नका, झेरॉक्स द्या, अगदीच मूळ मागितलं तर पोच घ्या.

आणि वारस म्हटल्यावर एक नाव तुमच्या पत्रात आलेलंच नाही. तुम्हाला नणंद आहे का? असेल तर सासूबाई, तुमचे मिस्टर आणि नणंद, तिघांचा त्या गाडीवर सारखा हक्क आहे, लग्न होऊन गेली म्हणून तिचा हक्क जात नाही. तिला आत्ताच फोन करा, गाडी विकून झाल्यावर दुसऱ्याकडून कळलं तर सव्वा लाखासाठी आयुष्यभराची नाराजी येईल. तुम्ही स्वतः सून म्हणून यात कायद्याने वारस नाही, हे ऐकायला बरं वाटणार नाही कारण धावपळ सगळी तुम्हीच करताय, पण त्यातच एक सुटका आहे, विकायचं की नाही हा निर्णय तुमच्या एकटीच्या खांद्यावर नाही.

माझं मत विचाराल तर गाडी सासूबाईंच्या नावावर करा. मिस्टर पुण्याला, त्यांना दर वेळी रजा काढून आरटीओत यावं लागेल ही एक सोय झाली, पण खरं कारण ते नाही. त्या उठून आत जातात याचा अर्थ त्यांचं काहीतरी म्हणणं आहे जे कुणी त्यांना विचारलेलं नाही. तुम्ही सगळे किमतीचं बोलताय आणि त्यांच्यासाठी ती गाडी म्हणजे पहाटे द्राक्षं भरून निघणारा नवरा आहे. आरसीवर त्यांचं नाव आलं की विकताना सही त्यांची लागेल, म्हणजे त्यांना विचारल्याशिवाय गाडी दारातनं बाहेर जाऊच शकणार नाही, आणि ते तसंच असायला हवं.

आरसीवर गाडी प्रायव्हेट आहे की मालवाहू तेही बघा, यावर बरंच अवलंबून आहे. प्रायव्हेट असेल तर पहिल्या 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नोंदणी रिन्यू करायची, मालवाहू असेल तर एवढ्या जुन्या गाडीला दर वर्षी फिटनेस, शिवाय टॅक्स आणि पर्यावरण कर थकलेला असेल तो वेगळा. सगळी थकबाकी किती होते ते आरटीओतून काढून घ्या आणि मग ठरवा. शक्यतो ती भरून, नोंदणी चालू करूनच विका, कारण कागद जिवंत असलेली गाडी आणि कागद मेलेली गाडी यांच्या भावात फार फरक पडतो, आणि परराज्यातलं गिऱ्हाईक आलं तर एनओसीचा फॉर्म 28 लागतो, तोही थकबाकी असेपर्यंत मिळत नाही. जुन्या ट्रंकेत प्रायव्हेट कॅरियरचं परमिट सापडलं तर फेकू नका, 1939 च्या मोटार वाहन कायद्यात स्वतःचा माल वाहणाऱ्याला ते लागायचं, पेट्रोल पंपाच्या पावत्या, टायरची बिलं, मिस्त्रीच्या हातच्या चिठ्ठ्या, सगळं एका फाइलीत लावा. आणि एम ने सुरू होणारा तो तीन अक्षरी जुना नंबर, जो 1989 च्या आधीच्या गाड्यांना असायचा, तो जपा. नवी सिक्युरिटी नंबर प्लेट बसवावी लागली तरी नंबर तोच राहतो, हाताने रंगवलेली जुनी पाटी मात्र काढून गाडीसोबतच ठेवा.

एजंट किंवा पुतण्या तुम्हाला व्हिंटेज रजिस्ट्रेशन करू असंही सांगेल. ते खरंच आहे, जुलै 2021 मध्ये केंद्राने नियम आणलाय, 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी, फी नव्या नोंदणीला 20,000 आणि परत नोंदणीला 5,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात व्हीए अक्षरं. पण नीट वाचलं तर चारचाकीत तो एम-वन वर्गासाठी, म्हणजे माणसं नेणाऱ्या गाड्यांसाठी लिहिलाय, आणि तुमची पिकप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर ती त्यात सहज बसत नाही. शिवाय त्या नोंदणीवर गाडी रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच रस्त्यावर आणता येते. विकण्यासाठी याची गरजच नाही. ज्याला हवंय तो घेतल्यावर आरटीओला लेखी विचारून बघेल, तुम्ही त्यात 20,000 घालू नका.

किंमत. तुम्हाला आकडा हवा असेल, पण गाडी न बघता मी आकडा सांगितला तर ती तुमची फसवणूक होईल. एवढं नक्की सांगतो की सव्वा लाख हा तो आकडा आहे जो घाईत असलेल्या माणसाला सांगतात, आणि एजंटला कागदाची एवढी घाई आहे म्हणजे पुढचं गिऱ्हाईक त्याच्या डोक्यात बहुतेक ठरलेलंय. भाव कशाने हलतो ते समजून घ्या. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेकचे पार्ट यांची चिंता फार नाही, महिंद्राने त्याच घराण्याच्या जीपा पुढे कितीतरी वर्षं बनवल्या त्यामुळे जुन्या बाजारात काही ना काही मिळून जातं. एफसीचं खरं अवघड आहे केबिनचं, समोरची मोठी काच, दारं, पुढचा पत्रा, दिव्यांच्या रिंगा, हे दुसऱ्या कुठल्या जीपचं बसत नाही. काच अखंड आहे का, दाराचं खालचं अंग आणि पाय ठेवायची जागा गंजलीय का, हौद्याच्या फळ्या आणि मागचा फाळका साखळीसकट मूळ आहे का, हे बघा आणि जसं आहे तसं लिहून काढा. मग निदान तीन वेगळ्या लोकांना दाखवा, एक जुन्या जीप जमवणारा, एक फोर बाय फोरवाला, एक मुंबई-पुण्याच्या व्हिंटेज क्लबच्या ओळखीतला. इंटरनेटवर लोक जे भाव लावतात ते फक्त मागितलेले असतात, गाडी कितीला गेली ते कुणी लिहीत नाही, म्हणून त्यावर विसंबू नका. तिघांचे आकडे आले की तुम्हालाच अंदाज येईल.

चालू स्थितीतल्या गाडीला जास्त मिळतं हे खरं, पण बॅटरी लावून लगेच सेल्फ मारू नका. दोन वर्षं उभी आहे, टाकीतलं पेट्रोल खराब झालेलं असणार, त्यातून आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, जुन्या रबरी नळ्या आणि इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या गाडीतल्या पंपाचा पडदा त्याने फुगतो, फाटतो, आणि गळणारं पेट्रोल गरम इंजिनवर पडलं तर गाडी जाईल. जुनी पेट्रोल जीप खोललेला मिस्त्री बघा, टाकी रिकामी करून धुवू दे, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून दोन दिवस ठेवू दे, मग इंजिन हाताने फिरतं का बघू दे. ब्रेकचे व्हील सिलिंडर जाम असतील ते मोकळे करायला सांगा. एवढं झालं की थंड गाडी पहिल्यांदा चालू होताना एक सलग व्हिडिओ काढा, मध्ये कट नको. पण मिस्त्रीला बजावून सांगा, जुना पार्ट काढला तर तो पिशवीत घालून परत द्यायचा.

बघायला येणाऱ्याला गाडी वाडीतच चालवून दाखवा. इन्शुरन्स आणि फिटनेस नसताना रस्त्यावर नेली आणि कुणाला लागलं तर सगळं अंगावर येईल, न्यायची असेल तर फ्लॅटबेडवर. फोनवर जो गाडी न बघताच घेतो म्हणतो, मिलिटरीत आहे म्हणतो आणि टोकनसाठी क्यूआर कोड पाठवतो, त्याचा नंबर ब्लॉक करा, पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही. पैसे बँकेतूनच घ्या, 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही. व्यवहाराच्या दिवशी स्टॅम्पवर तारीख आणि वेळ लिहून घ्या, खात्यात पैसे दिसले की मगच चावी, आणि गाडी विकल्याचं आरटीओला 14 दिवसांत तुमच्या बाजूने कळवा, घेणाऱ्यावर सोडू नका. आरसीवर नाव बदललेलं डोळ्याने बघेपर्यंत पाठपुरावा करा.

कुणाला द्यायची याबद्दलही बोलतो. हायवेवरच्या हॉटेलवाल्याकडून चांगली ऑफर येऊ शकते, त्यांना दारात उभी करायला अशा गाड्या हव्या असतात, पण पाऊस-उन्हात दोन वर्षांत पत्रा जातो, इंजिन काढून विकलं जातं. फूड ट्रकवाला हौदाच कापेल. पैसे थोडे कमी देणारा पण ती जशी आहे तशी ठेवणारा मिळाला तर मी त्याला देईन. शेवटी पैशाची गरज तुमच्या घराची तुम्हाला माहीत, दोन हंगाम द्राक्षाचे वाईट गेले असतील तर जास्त देईल त्याला द्या, त्यात काही चुकीचं नाही, माझं मन मात्र ती जशी आहे तशी ठेवणाऱ्या माणसाकडे आहे.

जाहिरात टाकायच्या आधी एक संध्याकाळ सासूबाईंना गाडीपाशी खुर्ची टाकून बसवा. विकायचं बोलू नका, फक्त विचारा, ही घरी कधी आली, आणायला कोण गेलं होतं, दारावरचं नाव कुठल्या पेंटरने लिहिलं, पहिली द्राक्षं कुठल्या बाजारात गेली. मोबाइलवर रेकॉर्ड करा, नणंदेला पण बोलवा. ते तुमच्या घरात राहीलच, आणि त्या हो म्हणाल्या तर एक प्रत घेणाऱ्याला द्या, चांगला माणूस असेल तर तो ती फाइलीत पहिल्या पानावर लावेल. त्या बोलल्यानंतर नको म्हणाल्या तर नको. गाडी ठोकळ्यांवर चढवा म्हणजे टायर आणि पाटे दबणार नाहीत, नोंदणी चालू ठेवा, पाच वर्षांनी परत विचारा, नीट राखलेल्या गाडीचं गिऱ्हाईक पळून जात नाही.

ती ताडपत्री मात्र आजच काढा. प्लास्टिकच्या आत ओल धरते आणि छताचा पत्रा वरून कोरा दिसत असताना कडेकडेने खालून गंजत जातो. जुन्या सुती चादरी शिवून घाला, शेडची पन्हाळ गळत असेल तर ती पावसाच्या आधी बघून घ्या, आणि हौद्यात उंदरांनी घर केलंय का तेही बघा, ते वायरी खातात.